लुळ्या हाताला काम द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला काही गोड बोलावे असा रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘अर्धांगवायू’ म्हटले, आणि त्या क्षणभर गप्प राहिल्या. आनंदाच्या दिवशी हे नाव कशाला, असे त्यांना वाटले असणार. परंतु ज्यांच्या माहेरी, सासरी किंवा शेजारी अर्धांगवायूचा एकही रोगी झालेला नाही अशा भगिनींनी हात वर करावेत असे मी म्हटले, तर फार थोडे हात वर जातील. आणि हात वर करणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्या घरात हा रोगी आहे त्या घराला विचारावे.

पाय बहुधा आधी सुधारतो. काठी घेऊन, भिंत धरून माणूस चालू लागतो आणि घरातले म्हणतात, “देवाची कृपा, चालते झाले.” हात मात्र मागे राहतो. तो मांडीवर पडून असतो, बोटे आत वळतात, आणि काही महिन्यांनी त्या हाताकडे कोणी पाहीनासे होते. आज मला याच मागे राहिलेल्या हाताविषयी बोलायचे आहे.

माझे काम व्यवसायोपचाराचे. हा शब्द पुष्कळांना नवा वाटतो. व्यवसायोपचार म्हणजे रोग्याला नोकरी लावून देणे नव्हे. जेवणे, नेसणे, केस विंचरणे, लिहिणे, स्वयंपाक करणे ही जी माणसाची रोजची कामे, त्यांच्याच द्वारे हरवलेली शक्ती परत मिळवून देण्याची ही विद्या आहे. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार या सख्ख्या बहिणी समजाव्यात. एक सांधे, स्नायू, तोल आणि चालणे पाहते. दुसरी त्या शक्तीचा संसारात उपयोग कसा होईल ते पाहते.

ही विद्या आपल्या देशात एका स्त्रीने आणली, म्हणून तिचे नाव या मंडळात घेतलेच पाहिजे. एलिझाबेथ लंडी ही अमेरिकन मुलगी १९३० साली हिंदुस्थानात आली, निंबकरांच्या घराण्यात लग्न करून कमलाबाई निंबकर झाली आणि येथलीच होऊन राहिली. पुढे अमेरिकेत जाऊन त्या व्यवसायोपचार शिकल्या, आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा काढली. आशियातील ही पहिली शाळा. १९५२ साली देशभरातील व्यवसायोपचारकांची संघटनाही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. फलटणला त्यांच्या नावाचे बालभवन आहे, ते आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. लुळ्या हाताला काम देणे हाच औषधोपचार आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात सांगणारी पहिली बाई त्या होत.

आता मूळ रोगाकडे वळू. आपल्याकडे म्हणतात, “अंगावरून वारं गेलं.” वाऱ्याचा यात काही संबंध नाही. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा काही वेळा ती वाहिनीच फुटते. मेंदूच्या तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग मरतो. मेंदूचा डावा भाग उजव्या अंगाला चालवतो व उजवा भाग डाव्या अंगाला. म्हणून घाव एकीकडे आणि लुळेपणा दुसरीकडे. हात स्वतः धडधाकटच असतो. त्याला हुकूम देणारा बिघडलेला असतो, एवढे लक्षात ठेवा. पुढचे सारे यावर उभे आहे.

तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडू लागला, बोलणे अडखळले, तर लिंबू उतरवीत किंवा कोणाला विचारीत बसू नका. १०८ ला फोन करा आणि रोग्याला मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे औषध निवडक रोग्यांना साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते द्यावे की नाही हे मेंदूचे छायाचित्र काढल्यावाचून ठरत नाही. तोवर पाणी, दूध, गोळी, काही तोंडात घालू नका. गिळण्याची शक्तीही गेलेली असू शकते. कबुतराचे रक्त चोळण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने कबूतर जाते आणि वेळही जाते.

आता समजा, रोगी वाचला आणि घरी आला. येथून आपले, म्हणजे बायकांचे, काम सुरू होते. येथेच मला एक कडू गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना कोणाच्या सेवेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

घरी आलेल्या रोग्याला आपण भरवतो. सदऱ्याची गुंडी आपण लावतो. पाण्याचा पेला तोंडाला आपण लावतो. त्याने लुळा हात जरा पुढे केला की आपण म्हणतो, “राहू द्या, मी देते ना.” या मायेत खोट काही नाही. परंतु दिवसातून पन्नास वेळा आपण त्या हाताला सांगत असतो की, तुझे येथे काही काम नाही. आणि हात ते ऐकतो.

अमेरिकेतील एडवर्ड टाउब नावाच्या शास्त्रज्ञाने ही गोष्ट माकडांत पाहिली. ज्या माकडाच्या एका हाताची संवेदना नाहीशी केली होती, ते तो हात वापरणे सोडून देई. वास्तविक काही काळाने त्या हातात थोडी हालचाल करण्याची शक्ती असे. पण पहिल्या दिवसांत प्रयत्न फसले, दुसऱ्या हाताने काम भागले, आणि न वापरण्याची सवय जडली. चांगला हात काही दिवस बांधून ठेवला, की माकड लुळा मानलेला हात वापरू लागे. त्या प्रयोगांवरून प्राण्यांच्या छळाचा मोठा वादही झाला. परंतु त्यातून निघालेला विचार माणसांच्या उपयोगी पडला. लुळेपणाचा काही भाग मेंदूच्या जखमेचा असतो, आणि काही भाग न वापरण्याच्या सवयीचा. जखमेवर आपला इलाज चालत नाही. सवयीवर मात्र चालतो.

यावरून एक उपचार निघाला. रोग्याच्या चांगल्या हाताला दिवसाचा बराच वेळ जाड मोजा घालतात आणि लुळ्या हाताकडून रोज काही तास कामे करवून घेतात. असे दोन आठवडे चालते. अमेरिकेत २२२ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली व तिचा निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला. हे सारे तीन ते नऊ महिन्यांपूर्वी आजारी पडलेले रोगी होते. ज्यांना हा उपचार मिळाला त्यांचा हात इतरांपेक्षा अधिक चालू लागला, आणि तो फायदा वर्षभराने पाहिले तेव्हाही टिकून होता.

पण ऐकून लगेच घरी जाऊन सासऱ्यांचा चांगला हात बांधू नका! ज्याचे मनगट व बोटे थोडी तरी वर उचलली जातात, त्यालाच हा उपचार लागू पडतो. ज्याच्या हातात अजून काहीच हालचाल नाही, त्याला त्याने केवळ रडू येईल. शिवाय ज्या हातात काठी आहे तो बांधला तर माणूस पडेल. हे तज्ज्ञाला दाखवून, वेळ ठरवून करायचे. परंतु त्यातले तत्त्व कोणत्याही घराला पाळता येते: जे काम तो हात अर्धे करू शकतो, ते अर्धे त्याला करू द्यावे.

आता, काम किती करायचे? आपण कोल्हापूरची माणसे. खासबागेच्या मैदानात कुस्ती पाहताना हे आपल्याला सांगावे लागत नाही. वस्तादाने नुसती मालिश केली म्हणून कोणी पैलवान झाला आहे काय? जोर-बैठका त्याच्या त्यालाच काढाव्या लागतात, आणि रोज शेकड्यांनी. लुळ्या हाताचेही असेच आहे. दुसऱ्याने धरून हलवलेला हात सांधा मोकळा ठेवतो, तेवढे जरूर करावे. परंतु मेंदू शिकतो तो स्वतःच्या प्रयत्नाने. जखमेच्या आसपासचा मेंदू पुष्कळ सरावाने गेलेल्या भागाचे काम थोडेफार शिकून घेतो, हे आता चांगले सिद्ध झालेले आहे.

आणि प्रत्यक्षात सराव किती होतो? अमेरिका व कॅनडातील काही उपचारकेंद्रांत बसून संशोधकांनी मोजले आणि २००९ साली आकडा दिला: एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२. बत्तीस! आपली भगिनी एक भाकरी थापते तेव्हा तिचा तळहात याहून अधिक वेळा पिठावर पडतो. जेथे पैसा व यंत्रे भरपूर आहेत तेथली ही कथा. मग अर्धा तास उपचाराला जाऊन उरलेला सारा दिवस हात मांडीवर ठेवला, तर तो कसा सुधारावा?

म्हणून मी म्हणते, आपले स्वयंपाकघर हे मोठे उपचारकेंद्र आहे. तेथली कामे हाताच्या शक्तीप्रमाणे लावून घ्यावीत.

हात अगदीच हलत नसेल तर त्याला मदतनीसाचे काम द्यावे. चांगल्या हाताने कणीक तिंबताना लुळ्या हाताने परात दाबून धरावी. वहीत लिहिताना कागदावर तो वजनासारखा ठेवावा. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून टेबलावरचे फडके पुढे ढकलावे व मागे आणावे. खांदा व कोपर थोडे चालू लागले की ओट्यावरचे पीठ पुसणे, चादरीच्या सुरकुत्या काढणे, तांदूळ ताटात पसरणे. तळहात उघडू लागला की गार परातीत भाकरी थापून पाहावी. तव्याजवळ जायचे नाही. बोटे चालू लागली की मग आपला खजिना उघडतो: भुईमुगाच्या शेंगा फोडणे, वाटाणे सोलणे, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणे, फुले ओवणे, रांगोळी सोडणे, वाती वळणे. चिमटीचा इतका नाजूक व्यायाम विलायती पेटीतही मिळायचा नाही. आणि सागरगोटे! आमच्या लहानपणी गल्लोगल्ली तो खेळ चाले. पाचातला एकच सागरगोटा उचलून वाटीत टाकता आला तरी त्या दिवशी घरात गोड करावे.

काम रोग्याच्या आवडीचे असावे, हेही महत्त्वाचे. गुजरीतल्या एका कारागिराला मी चेंडू व ठोकळे दिले तर ते तोंड फिरवून बसत. त्यांच्या मुलाने चिमटा आणि मणी आणून समोर ठेवले तेव्हा ते तासभर हलले नाहीत. पहिल्या दिवशी एकही मणी उचलला गेला नाही. आठव्या दिवशी दोन उचलले. पुढे ते साज घडवू लागले असे मी सांगणार नाही, कारण तसे झाले नाही. परंतु स्वतःच्या हाताने जेवू लागले आणि दुकानात बसून मणी निवडून देऊ लागले. घरात त्यांचा शब्द पुन्हा चालू लागला.

आता काही पथ्ये सांगते. ती घरी गेल्यावर लिहून ठेवावीत.

रोग्याला उठवताना लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नये. खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात. सांधा खाली उतरतो आणि मग असे दुखू लागते की रोगी हात हलवूच देत नाही. बसताना हाताखाली उशी द्यावी, निजताना खांद्याखाली आधार द्यावा. चालताना झोळी बांधावी लागली तर बांधावी, पण दिवसभर हात झोळीत ठेवला तर तो तेथेच आखडतो.

तेल हलक्या हाताने लावण्यास हरकत नाही. जोराने रगडणे आणि आखडलेली बोटे ताकद लावून उघडणे मात्र टाळावे. मूठ उघडायची असेल तर आधी मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवावे; बोटांचा ताण आपोआप सैल होतो. मग अंगठा मुळापासून धरून बाहेर घ्यावा, नंतर बोटे.

गरम पाण्याची पिशवी लावताना फार जपावे. त्या हाताला चटका कळत नाही. फोड आल्यावरच आपल्याला कळते.

भेटीला येणारे सारेजण एक सल्ला देतात: “चेंडू दाबत जा.” भगिनींनो, या हाताला मिटायला कोणी शिकवावे लागत नाही, तो आपला आपण मिटतो. कठीण असते ते उघडणे. ज्याचा हात आखडू लागला आहे त्याने चेंडू दाबण्यापेक्षा पेला सोडायला, मूठभर तांदूळ ताटात टाकायला शिकावे.

हातातील बांगड्या व अंगठी यांविषयीही बोलते. लुळा हात पुष्कळदा सुजतो आणि बांगडी रुतते. ती वेळीच उतरवावी. त्यात अशुभ काही नाही. दुसऱ्या हातात बांगड्या आहेतच.

आणि पहिल्या दिवसाची घाई नको. २०१५ साली २१०४ रोग्यांच्या एका पाहणीत असे दिसले की, पहिल्या चोवीस तासांत फार वेळा व फार जोराने उठवल्याने फायदा होण्याऐवजी तोटाच झाला. सुरुवात केव्हा व किती करायची हे डॉक्टरांना विचारावे. एकदा त्यांनी होय म्हटले की मग मात्र आळस नको, कारण पहिल्या तीन महिन्यांत मेंदू सर्वांत अधिक शिकतो.

आरशाचा एक उपाय आहे, तो स्वस्त आहे म्हणून मुद्दाम सांगते. मूळचे तामिळनाडूचे डॉक्टर विलयनूर रामचंद्रन यांनी अमेरिकेत, तुटलेल्या हाताच्या जागी दुखते असे म्हणणाऱ्या रोग्यांसाठी तो काढला. १९९९ साली तो अर्धांगवायूच्या रोग्यांवर करून पाहिला गेला. टेबलावर आरसा उभा ठेवायचा. लुळा हात आरशामागे, चांगला हात आरशापुढे. रोग्याने आरशात पाहत चांगला हात उघडायचा, मिटायचा, आणि त्याच वेळी मागचाही तसाच हलवण्याचा प्रयत्न करायचा. आरशात जणू लुळाच हात हलताना दिसतो, आणि मेंदूला चालना मिळते. चांगल्या हातातील बांगड्या कोपराकडे सारून पदराखाली झाकाव्यात, म्हणजे प्रतिमा खरी वाटते. २०१८ साली अशा ६२ अभ्यासांचा एकत्र विचार झाला आणि इतर उपचारांच्या जोडीला हा उपयोगी पडतो असा निष्कर्ष निघाला. जोडीला, हा शब्द विसरू नका.

पुष्कळजण विचारतात, पुण्या-मुंबईकडे यंत्रे आली आहेत म्हणे, तिकडे न्यावे काय? यंत्रांची मला अडचण नाही. हात धरून हलवणारे यंत्रमानव आहेत, स्नायूला विजेचा हलका धक्का देणारी यंत्रे आहेत, ताठरपणा काही महिने सैल करणारी इंजेक्शने आहेत. २०२१ साली अमेरिकेत छातीत बसवण्याच्या एका यंत्रालाही परवानगी मिळाली. ते मानेतील मज्जातंतूला हलकी विजेची चालना देते, आणि तीही व्यायाम चालू असतानाच. परंतु इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ७७० रोग्यांवर यंत्रमानवाची परीक्षा झाली, तिचा निकाल २०१९ साली आला. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या यंत्राने हाताचे काम अधिक सुधारले असे दिसले नाही. तेव्हा घर गहाण ठेवून यंत्रामागे धावू नये. यंत्र असो वा इंजेक्शन, त्यानंतर त्या हाताने कष्ट केले तरच त्याचा उपयोग.

येथे कोणी म्हणेल, “मग बाई, तज्ज्ञ कशाला? आम्ही घरीच करू.” त्यालाही उत्तर आपल्याच देशातून मिळाले आहे. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रोग्यांची मोठी परीक्षा झाली आणि २०१७ साली तिचा निकाल आला. घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकडूनच रोग्याचा व्यायाम करवून घ्यायचा, अशी ती योजना होती. आशा मोठी होती. परंतु सहा महिन्यांनी पाहता, मृत्यू आणि परावलंबन यांत नेहमीच्या उपचारापेक्षा काही फरक पडला नाही. ती परीक्षा केवळ हाताची नव्हती हे खरे. तरी मी त्यातून एवढा बोध घेते की, माया आणि चार सूचना एवढ्यावर भागत नाही. नजर असलेला माणूस हवा, आणि घाम निघेल इतका सराव हवा. आपल्या सीपीआर रुग्णालयात दाखवावे. कसबा बावड्यात भौतिकोपचाराचे महाविद्यालय आहे, तेथे विचारावे. पंधरा दिवसांतून एकदा तज्ज्ञाने काम नेमून द्यावे, आणि रोज ते घराने करून घ्यावे. दोन्ही चाके असतील तरच गाडी चालते.

“आता दोन वर्षे झाली, आता काय होणार?” असेही पुष्कळजण म्हणतात. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात अशा जुन्या रोग्यांना तीन आठवड्यांत ९० तास हाताचे काम देतात. त्यांच्यापैकी निम्म्यांना आजारी पडून दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. अशा २२४ रोग्यांचा हिशेब २०१९ साली छापला गेला. त्यांचे हात सुधारले, आणि सहा महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. पूर्वीसारखे झाले असे नव्हे, पण सुधारले. सर्वांचेच हात परत येत नाहीत, हेही मी स्पष्ट सांगते. ज्याचा येत नाही त्याला एका हाताने संसार कसा करावा हे शिकवणे, हेही आमच्या विद्येचे काम आहे, आणि त्यात हार नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आतापर्यंत आपण रोगी म्हणून सासरे, वडील, यजमान डोळ्यांपुढे आणले. रोगी जर घरातली बाईच असेल तर काय होते?

पुरुष आजारी पडला तर त्याला कामावर परत जायचे असते म्हणून रिक्षा होते, उपचार होतो. बाई आजारी पडली तर म्हणतात, “तिला आता कुठे जायचे आहे? सुना आहेत, बसून खाऊ दे.” हे बोलणे प्रेमाचे वाटते. पण चाळीस वर्षे जिचे हात पहाटेपासून थांबले नाहीत, तिला बसून खाणे हे सुख नसते. आणि डावा हात गेला असेल तर कोणी दखलच घेत नाही. “डावाच आहे ना, उजव्याने जेवते ना!” एका हाताने नऊवारी नेसता येते काय? वेणी घालता येते काय? नातवंडाला उचलता येते काय? मेंदूच्या उजव्या बाजूला घाव बसला की काही रोग्यांना डावी बाजू आहे याचेच भान राहत नाही. ताटाच्या डाव्या बाजूची भाजी तशीच राहते. त्याला वेड म्हणू नये. त्यांच्या डाव्या बाजूला बसावे, डावीकडून हाक मारावी, डावा हात त्यांच्या नजरेसमोर ठेवावा.

उजवा हात गेला तर निराळेच दुःख. डाव्या हाताने जेवायची लाज वाटते म्हणून पंगतीत न येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हळदीकुंकवाला बोलावणे आले तरी डाव्या हाताने कुंकू कसे लावू, म्हणून त्या घरीच बसतात. भगिनींनो, हे तर आपल्या हातातले आहे ना? या मंडळाच्या हळदीकुंकवात अशा बाईने डाव्या हाताने कुंकू लावले तर आपण कपाळ पुढे करावे. आणि पुढच्या वर्षी तिला म्हणावे, आता उजवा हात डाव्याने धरून आणा, बोट बुडवा, लावा. कुंकू नाकावर आले तरी चालेल.

म्हणून मंडळापुढे माझी एक लहानशी सूचना आहे. दर बुधवारी दुपारी हे सभागृह रिकामे असते. तो एक तास पेठेतल्या अशा रोग्यांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी ठेवावा. सामान फार लागत नाही: दोन आरसे, सागरगोटे, कपड्यांचे चिमटे, एक परात, शेंगांची पाटी. महिन्यातून दोनदा मी येईन, प्रत्येकाचा हात पाहीन आणि त्याचे काम लिहून देईन. वर्गणी नको. एकटीने घरात तीस वेळा हात उचलायचा कंटाळा येतो. चार जणींत बसून शेंगा फोडताना शंभर वेळा कधी झाले ते कळत नाही. ही गोष्ट आपल्या मंडळाला मी काय सांगावी! पापडांच्या दिवसांत आपण हेच करतो.

घरी गेल्यावर एवढे तरी करा. संध्याकाळी चहाचा कप तुम्ही त्यांच्या तोंडाशी न्याल, तेव्हा क्षणभर थांबा. कप कोमट करा, अर्धाच भरा, त्यांचा हात कानाभोवती ठेवा, खालून तुमचा आधार द्या, आणि वाट पाहा. सांडेल. फडके जवळ ठेवा. तुम्हाला घाई असेल, मला ठाऊक आहे. गॅसवर दूध असेल. पण ती वाट पाहण्याची दोन मिनिटे हाच मोठा उपचार आहे, आणि तो घरच्या माणसावाचून दुसरे कोणी देऊ शकत नाही.